अँटीबॉडी नेमकी कशाला चिकटली?

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून पटलावर उतरवायची आणि अँटीबॉडीने शोधायची त्या चाचणीत, एक ठसठशीत काळा बँड आला की हायसं वाटतं. पण त्या बँडचा अर्थ एवढाच असतो की त्या वजनाच्या आसपास काहीतरी आहे आणि अँटीबॉडी त्याला चिकटली आहे. ते काहीतरी म्हणजे आपलंच प्रोटीन, ही खात्री कुपीवरचं लेबल देत नाही. ती आपली आपल्यालाच करून घ्यावी लागते, आणि गोव्यात तर जरा जास्तच. इथे ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात काय किंवा दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काय, अभ्यासाला असतात मासे, तिसऱ्या, खारफुटी, डास. बाजारातल्या बहुतेक अँटीबॉडी मात्र माणसाच्या आणि उंदराच्या प्रोटीनवर तपासलेल्या असतात. शेवट्याच्या (मलेट माशाच्या) यकृतावर ती अँटीबॉडी लावून पाहायच्या फंदात सहसा कुणी पडलेलं नसतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो, विशेषतः एमएस्सीच्या प्रोजेक्टला पहिल्यांदा ब्लॉट करणाऱ्यांसाठी.

आधी रेणू. संशोधनात वापरतो ती बहुतेक वेळा आयजीजी. वजन सुमारे १५० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. साधारण ५० किलोडाल्टनच्या दोन जड साखळ्या आणि २५ च्या दोन हलक्या, डायसल्फाइड बंधांनी एकमेकींना बांधलेल्या. हे ५० आणि २५ लक्षात ठेवा, पुढे लागतील. वायच्या दोन्ही हातांच्या टोकाला जड साखळीचे तीन आणि हलक्या साखळीचे तीन असे सहा वळसे एकत्र येतात आणि त्यांतून बांधणीची जागा तयार होते. अँटिजेनवरच्या, म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते त्या रेणूवरच्या, ज्या छोट्या भागाला ही जागा धरते तो एपिटोप. काही एपिटोप म्हणजे सलग पाच-आठ अमिनो आम्लं असतात. काही मात्र प्रोटीनची घडी पडल्यावरच तयार होतात, कारण साखळीत लांब असलेले तुकडे घडीमुळे शेजारी येतात. एसडीएस (साबणासारखं रसायन) घालून उकळल्यावर ही घडी मोडते. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटमध्ये उत्तम चालणारी अँटीबॉडी इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे द्रावणातून प्रोटीन अँटीबॉडीने वेचून काढण्यात, साफ नापास होऊ शकते, आणि उलटही होतं. डेटाशीटवर कोणत्या वापरासाठी तपासली आहे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं.

ही पकड हायड्रोजन बंध, विद्युतभार आणि जवळिकीच्या क्षीण आकर्षणांवर उभी असते. कायमचा रासायनिक बंध कुठेच नसतो. अँटीबॉडी धरते, सोडते, पुन्हा धरते. चांगल्या अँटीबॉडीची पकड नॅनोमोलरच्या आसपास (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) किंवा त्याहून घट्ट असते. पण अँटीबॉडी भरमसाट ओतली की हजारपट सैल पकडीची प्रोटीनंही दिसू लागतात, विशेषतः ती आपल्या प्रोटीनपेक्षा कितीतरी जास्त असतील तर. ब्लॉटवर आठ-दहा बँड येण्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

एवढ्या वेगवेगळ्या अँटीबॉडी शरीर बनवतं कशी, याचं उत्तर सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं. बी पेशी जनुकांचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडतात, त्यामुळे प्रत्येक पेशीची बांधणीची जागा वेगळी पडते. अँटिजेन भेटलेल्या पेशी पुढे त्याच जनुकात बारीक बदल करत जातात आणि घट्ट धरणाऱ्या टिकतात. सशाला पहिल्या टोचणीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर द्यायचे आणि शेवटच्या बूस्टरनंतर १० ते १४ दिवसांनी रक्त घ्यायचं, ही पद्धत त्यामुळेच पडली. हे काम संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय सुरू करता येत नाही, आणि करूही नये. पहिल्या टोचणीआधीचं रक्त घेऊन ठेवायला मात्र विसरू नका. तो प्री-इम्यून सिरम म्हणजे पुढचा सगळ्यात उपयोगी कंट्रोल (तुलनेचा नमुना), आणि टोचणी झाल्यावर तो कुठूनच मिळत नाही.

सशाच्या अशा सिरममध्ये एकाच प्रोटीनच्या अनेक एपिटोपना धरणाऱ्या अनेक अँटीबॉडी असतात, म्हणून ती पॉलिक्लोनल. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची बी पेशी आणि मायलोमा (न थांबता वाढणारी कर्करोगाची) पेशी एकत्र करून हायब्रिडोमा बनवला आणि एकाच एपिटोपची एकच अँटीबॉडी हवी तितकी मिळू लागली. ती मोनोक्लोनल. आता अँटीबॉडीच्या जनुकाचा क्रम वाचून ती पेशींमध्ये बनवून घेतात, ती रिकॉम्बिनंट. परवडत असेल तर रिकॉम्बिनंटच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हायब्रिडोमा कधी जनुक गमावतो, ससा मेला की त्याचा सिरम संपतो, पण क्रम माहीत असेल तर दहा वर्षांनीही तीच अँटीबॉडी मिळते. मासे आणि शिंपले यांच्या बाबतीत मात्र पॉलिक्लोनलचा एक फायदा आहे. एखादा एपिटोप त्या जीवात बदललेला असला तरी बाकीचे जुळायची शक्यता राहते.

आता एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊ. पावसाच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात. त्यांतली बहुचक्री हायड्रोकार्बनं माशाच्या शरीरात गेली की यकृतात एएचआर नावाचा ग्राहक जागा होतो आणि सीवायपी१ए हे एन्झाइम वाढतं. माशांना तेलाच्या प्रदूषणाचा उपद्रव झाला का, हे पाहायला जगभर हे प्रोटीन मोजतात. समजा आपल्याला ते शेवट्याच्या यकृतात मोजायचं आहे.

अँटीबॉडी मागवण्याआधी कंपनीने ती कशाविरुद्ध बनवली ते शोधायचं. इम्युनोजेनचा (ज्याविरुद्ध बनवली त्या प्रोटीनचा किंवा तुकड्याचा) क्रम दिला असेल तर माशाच्या प्रोटीनशी लावून पाहायचा. १५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये चार-पाच जागा वेगळ्या निघाल्या तर पैसे वाचवा. अॅक्टिन, ट्युब्युलिन, हिस्टोन एच३ यांसारखी प्रोटीनं जीवसृष्टीत फारशी बदललेली नाहीत, तिथे माणसाची अँटीबॉडी माशाला चालून जाते. सीवायपी१ए तितकं सारखं नाही, त्यामुळे माशाच्याच प्रोटीनविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी शोधावी.

मासा हातात आल्यावर यकृत लगेच बर्फावर काढायचं. पित्ताशय फुटू द्यायचं नाही, कारण पित्ताने प्रोटीनं खराब होतात. प्रोटीएज इनहिबिटर घातलेल्या थंड बफरमध्ये वाटायचं. सीवायपी१ए पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलात रुतलेलं असतं, म्हणून १०,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट जोराने) २० मिनिटं फिरवून वरचं द्रव घ्यायचं आणि ते १,००,००० जीला एक तास फिरवायचं. तळाशी बसतो तो मायक्रोसोमचा भाग. प्रोटीन मोजून जेलच्या प्रत्येक लेनमध्ये (नमुन्याच्या रांगेत) २० मायक्रोग्रॅम, १० टक्क्यांचं जेल. हस्तांतरणाआधी, म्हणजे जेलमधली प्रोटीनं पटलावर उतरवण्याआधी, पीव्हीडीएफ पटल मेथनॉलमध्ये एक मिनिट बुडवलं नाही तर ते पाणी धरत नाही आणि प्रोटीन उतरत नाही. १०० व्होल्टवर एक तास, टँक बर्फात.

नंतर पॉन्सो एस, हा प्रोटीनला लागणारा लाल रंग. हे पाच मिनिटांचं काम अनेक जण गाळतात आणि मग दोन दिवस वाया घालवतात. पटल लाल द्रावणात बुडवून पाण्याने हलकं धुतलं की सगळ्या लेन गुलाबी दिसतात. जेल आणि पटलामध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तिथे पांढरा गोल ठिपका दिसतो. एखादी लेन फिकी असेल तर तीही इथेच कळते. याचा फोटो काढून ठेवा. मायक्रोसोममध्ये अॅक्टिन हा लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रोटीन पडलं का याची खूण) फारसा विश्वासाचा नाही, कारण ते मुख्यतः पेशीद्रवातलं प्रोटीन, फिरवताना बरंचसं निघून जातं. तिथे पॉन्सोवरचं एकूण प्रोटीनच कामाला येतं.

०.१ टक्का ट्वीन २० घातलेला टीबीएस बफर म्हणजे टीबीएसटी. त्यात ५ टक्के स्किम्ड दूध पावडर घालून एक तास ब्लॉकिंग, म्हणजे पटलाच्या मोकळ्या जागा झाकणं. दुधात दोन अडचणी आहेत. त्यातलं केसीन फॉस्फेट लागलेलं असतं, म्हणून फॉस्फो-प्रोटीनच्या अँटीबॉडीला बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरायचं. शिवाय दुधात बायोटिन असतं, म्हणून स्ट्रेप्टाविडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रोटीन) वापरत असाल तर दूध नको. यकृतात तर मुळातच बायोटिन चिकटलेली एन्झाइमं असतात, आणि ती स्ट्रेप्टाविडिनमुळे ७५ आणि १३० किलोडाल्टनच्या आसपास उजळतात. यकृतावर काम करताना थेट एचआरपी (रंग किंवा प्रकाश देणारं एन्झाइम) जोडलेली सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटीबॉडीला धरणारी दुसरी अँटीबॉडी, घेतली की हा त्रास टळतो.

प्रायमरी, म्हणजे आपल्या प्रोटीनला धरणारी पहिली अँटीबॉडी, १:१००० ने सुरू करायची, म्हणजे ५ मिलीलीटरमध्ये ५ मायक्रोलीटर, रात्रभर ४ अंशांवर हलवत ठेवून. हा आकडा अंतिम मानू नका. एकाच नमुन्याचा रुंद ब्लॉट करून पट्ट्या कापायच्या आणि १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० अशा वेगवेगळ्या लावायच्या. आपला बँड टिकून बाकीचे विरळ होतात ते प्रमाण घ्यायचं. दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश, मग सेकंडरी १:१०,००० ने एक तास, पुन्हा तीन वॉश आणि ईसीएल, म्हणजे एचआरपीमुळे प्रकाश देणारं सबस्ट्रेट.

सेकंडरी जास्त पडली की फसवं चित्र दिसतं. बँडच्या मध्यभागी पांढरी पोकळी आणि कडेला काळी रेघ येते, कधी पटलावर नुसत्या डोळ्यांनी पिवळट तपकिरी डाग दिसतो. तिथे एचआरपी इतकं साठलेलं असतं की सबस्ट्रेट फोटो घेण्याआधीच संपून जातं. जास्त वेळ एक्स्पोजर देऊन काही होत नाही, सेकंडरी पाचपट पातळ करावी लागते. आणि ब्लॉट पूर्ण कोरा आला तर वॉश बफरची बाटली कुणी बनवली ते विचारा. जिवाणू वाढू नयेत म्हणून घातलेलं सोडियम अझाइड एचआरपीला बंद पाडतं. प्रायमरी साठवताना ०.०२ टक्के अझाइड चालतं, कारण ती धुऊन जाते. सेकंडरीच्या टप्प्यापासून पुढे ते कुठेच असता कामा नये.

समजा ५५ ते ६० किलोडाल्टनच्या दरम्यान बँड आला. आता मूळ प्रश्न विचारायचा: हे सीवायपी१ए कशावरून? उंदराच्या पेशींवर काम करणारे लोक ते जनुक काढून टाकलेली पेशी घेतात आणि बँड नाहीसा झाला का ते पाहतात. याहून चांगला कंट्रोल नाही. पण मांडवीत पकडलेल्या शेवट्याचा नॉकआउट कुठून आणणार? मग दुसऱ्या वाटांनी पुरावा जमवायचा. काही मासे टाकीत ठेवून त्यांना बीटा-नॅफ्थोफ्लेव्होन द्यायचं, काहींना नुसतं तेल. सीवायपी१ए वाढवणारं हे ठरलेलं रसायन आहे, त्यामुळे पहिल्या गटात तोच बँड ठळक व्हायला हवा आणि बाकीचे जसेच्या तसे राहायला हवेत. सगळेच बँड वाढले तर लोडिंग तपासा. त्याच नमुन्यांत इरॉड चाचणीने एन्झाइमचं काम मोजायचं. ही चाचणी अँटीबॉडी वापरत नाही, म्हणून तिची साक्ष स्वतंत्र धरता येते. दोन्ही सोबत वाढले तर बँडवर भरवसा ठेवायला आधार मिळतो. फक्त एक लक्षात असू द्या, प्रदूषक फार जास्त असेल तर तेच एन्झाइमला अडवून धरतं, तेव्हा बँड मोठा आणि इरॉड कमी असंही दिसतं. तो अँटीबॉडीचा दोष नव्हे. अंडी भरण्याच्या काळात मादीत इस्ट्रोजेनमुळे सीवायपी१ए दबतं, म्हणून नर-मादी एकत्र मोजू नका.

सोबत एका पट्टीवर प्रायमरी न घालता फक्त सेकंडरी लावायचीच. तिथेही बँड आला तर तो सेकंडरीचा. इम्युनोप्रेसिपिटेशन केलेल्या नमुन्याच्या ब्लॉटवर ५० आणि २५ ला जाड बँड दिसतात ते याच कारणाने. प्रेसिपिटेशनला वापरलेल्या अँटीबॉडीच्याच जड आणि हलक्या साखळ्या तिथे उतरलेल्या असतात. दोन टप्प्यांसाठी वेगवेगळ्या प्राण्यांच्या अँटीबॉडी घेतल्या तर हा घोळ बराच कमी होतो.

पेप्टाइड ब्लॉकिंग, म्हणजे इम्युनोजेन पेप्टाइड आधी मिसळून बँड जातो का पाहणं, हा कंट्रोल अनेक प्रबंधांत दिसतो. तो अपुरा आहे. अँटीबॉडी चुकीच्या प्रोटीनला त्याच जागेने धरत असेल तर पेप्टाइडने तोही बँड जाणारच.

हा काटेकोरपणा कशासाठी, हे इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाच्या उदाहरणावरून दिसतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रोटीनच्या १३ अँटीबॉडी कसून तपासल्या, आणि त्यांतली एकच खरोखर त्याच प्रोटीनला धरणारी निघाली. तोवर स्तनांच्या कर्करोगात हे प्रोटीन कुठे असतं यावर वर्षानुवर्षं परस्परविरोधी निष्कर्ष छापून आले होते. त्यामागे कितीतरी रुग्णांचे नमुने आणि कितीतरी विद्यार्थ्यांची वर्षं होती. पुढे एका आंतरराष्ट्रीय गटाने मेंदूशी संबंधित ६५ प्रोटीनांच्या ६१४ अँटीबॉडी नॉकआउट पेशींवर तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक अँटीबॉडी एका ना एका वापरात नापास झाल्या. रिकॉम्बिनंट सरस ठरल्या.

एलायझात, म्हणजे प्लेटच्या खळग्यांत अँटीबॉडी लावून करायच्या चाचणीत, बँड नसतो, नुसता रंग असतो, म्हणून फसगत लपून राहते. मलेरियाच्या अभ्यासातलं एक उदाहरण आपल्याकडे फार उपयोगी आहे. शहरी भागात मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस स्टिफेन्सी इथलाच. डासाच्या अंगात परजीवीची संसर्गक्षम अवस्था आहे का, हे पाहायला डासाचं डोकं आणि छाती बफरमध्ये वाटून परजीवीच्या अंगावरच्या सर्कमस्पोरोझोइट प्रोटीनचा एलायझा करतात. प्लेटच्या खळग्यांत मोनोक्लोनल आधी बसवलेली, वर डासाचा रस, वर एचआरपी जोडलेली तीच मोनोक्लोनल. त्या प्रोटीनमध्ये एकच एपिटोप पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एकच अँटीबॉडी दोन्ही बाजूंनी धरू शकते. पण गुराढोरांचं रक्त प्यायलेल्या काही डासांत परजीवी नसतानाही रंग येतो. यावरचा उपाय अगदी साधा आहे. पॉझिटिव्ह आलेला रस १०० अंशांवर १० मिनिटं तापवून पुन्हा तपासायचा. खरं प्रोटीन उष्णतेला टिकतं, खोटा रंग देणारं काहीतरी टिकत नाही. हा टप्पा गाळला तर परिसरात संसर्गित डास किती आहेत याचा आकडा फुगतो आणि फवारणीची आखणी भलत्याच वाड्यावर जाते.

मलेरियाच्या झटपट पट्टीबद्दलही एवढंच सांगतो. तिच्यावरची कंट्रोलची रेघ फक्त द्रव पुढे सरकलं आणि सोन्याच्या कणांवरची अँटीबॉडी शाबूत आहे असं सांगते. फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीचं एचआरपी२ प्रोटीन (वरच्या एचआरपी एन्झाइमशी याचा संबंध नाही) रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, तेव्हा रेघ आली म्हणून परजीवी जिवंत आहे असं होत नाही. व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीत एचआरपी२ नसतंच, त्यासाठी पट्टीवर एलडीएच या एन्झाइमची वेगळी रेघ लागते.

खारफुटीच्या पानांवर इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडीने रंगवणं) करणाऱ्यांनी अँटीबॉडी न लावलेला छेद आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. क्लोरोफिल स्वतःच लाल चमकतं, त्यामुळे लाल आणि त्यापुढचे रंग टाळलेले बरे.

आता आपल्या हवेविषयी. प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३२-३३ असतात, तेव्हा सेकंडरीचा तास पार्श्वभूमी काळवंडून टाकतो आणि एलायझात रंग देणारा टीएमबी भराभर निळा होतो. थंड खोलीत करा, किंवा निदान सगळ्या प्लेट एकाच तापमानाला आणि घड्याळ लावून आम्लाने थांबवा. पावसाळ्यात जेल जमवणारं अमोनियम परसल्फेट दमट होऊन निकामी होतं. जेल जमेना झालं तर दोष बहुधा तिथेच असतो, १० टक्क्यांचं द्रावण ताजं करा आणि पावडर सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये ठेवा. सुकवलेल्या अँटीबॉडीची कुपी फ्रीजरमधून काढून लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आपल्या दमट हवेतलं पाणी आत जाऊन बसतं.

अँटीबॉडी आली की १० मायक्रोलीटरहून लहान नाहीत असे भाग करून उणे २० अंशांवर ठेवायचे. फार छोट्या भागातली बरीच अँटीबॉडी नळीच्या भिंतीलाच चिकटून राहते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको, तो बर्फ वितळवायला आपला आपण तापतो. फ्लुरोसंट रंग जोडलेली अँटीबॉडी गोठवायचीच नाही, ४ अंशांवर अंधारात. वादळी पावसात लाइट गेली तर फ्रीजर उघडू नका, आणि एरवीही रिकाम्या जागी बर्फाचे पॅक भरून ठेवा. तरीही वितळली तर ती पुन्हा गोठवण्याऐवजी ४ अंशांवर ठेवून वापरून टाका. आयजीजी तशी चिवट असते, तिला घातक ठरतं ते पुन्हा पुन्हा गोठणं-वितळणं. त्याने रेणूंचे पुंजके होतात आणि पटलावर काळे ठिपके येतात. असे ठिपके दिसू लागले तर वापरण्याआधी नळी १०,००० जीला पाच मिनिटं फिरवून फक्त वरचं द्रव घ्या.

वहीत कॅटलॉग नंबर, क्लोनचं नाव आणि लॉट नंबर तिन्ही लिहा, शोधनिबंधात आरआरआयडीही (अँटीबॉडीचा ठरलेला ओळख क्रमांक) द्या. पॉलिक्लोनलचा लॉट बदलला म्हणजे अनेकदा ससाच बदललेला असतो. म्हणून जुनी कुपी संपायच्या आधी नवी मागवायची आणि बीटा-नॅफ्थोफ्लेव्होन दिलेल्या माशाचा तोच नमुना दोन पट्ट्यांवर घेऊन जुना आणि नवा लॉट शेजारी शेजारी लावायचा. त्यासाठी त्या नमुन्याचे वेगळे भाग उणे ८० अंशांवर पहिल्या दिवशीच बाजूला काढून, नाव घालून ठेवा.